लाडक्या बहिणीचे १५०० रुपये असेच द्यायचे की कामाला जोडायचे? खरं काय ते सांगा

शिरोलीकर_पाटील

राम राम मंडळी. भांडण लावायला लिहीत नाही, खरंच विचारतोय. माझं शिरोली एमआयडीसीत छोटं युनिट आहे, कास्टिंगचं फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करणं) आणि थोडं मशीनिंग. हेल्पर मिळणं म्हणजे आता लॉटरीच झालीय. गेटवर 'हेल्पर पाहिजेत'चा बोर्ड लावून त्याचा रंग उडाला. येतात ती ओडिशा नाहीतर बिहारची पोरं, आपल्या गावातलं पोरगं दोन दिवस येतंय आणि मग फोन स्विच ऑफ. हातकणंगल्याकडं आमचं थोडं रान आहे तिथंबी तीच गत, भांगलणीला बायका मिळत नाहीत, आई सकाळपासनं कुणाकुणाला फोन लावत असते. सगळी म्हणतात लाडक्या बहिणीमुळं झालंय, रेशन फुकट, १५०० खात्यावर, मग उन्हात वाकायला कोण येतंय.

माझं म्हणणं एवढंच की मदत द्या पण मुदत घाला. धडधाकट माणसाला दोन वर्षं द्या, नंतर काहीतरी करून दाखव म्हणा, ट्रेनिंग घे, गावातलं काम कर, काहीपण. अमेरिकेत म्हणे असंच आहे, पाच वर्षांच्या वर मिळत नाही आणि काम केल्याचं दाखवावं लागतंय. म्हातारी माणसं, अपंग, निराधार यांना सोडून बोलतोय हां, त्यांचं उलट वाढवा. पण २१ ते ६५ मधल्या प्रत्येकीला काहीच न करता? माझ्या जीएसटीतनंच जातंय ना ते. चुकत असेल तर सांगा पण शिव्या नकोत.

कागलचा_गडी

शंभर टक्के सहमत भावा. २०२५-२६ च्या बजेटात एकट्या लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी आहेत, त्याच्या आदल्या वर्षी ४६ हजार कोटी होते. हिकडं ठेकेदार बिलासाठी बोंबलत्यात, रस्त्याला खड्डे तसेच. आणि वर चौदा हजार पुरुषांनीपण पैसे उचलले म्हणून बातमी आली होती, पुरुषांनी!! नियम होता की घरात चारचाकी नको, उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, सरकारी नोकरी नको. निवडणुकीआधी कोण बघतंय नियम, फॉर्म भरला की पैसे. काम जोडलं की नाटकी लोक आपोआप गळतील.

सेवाकेंद्रवाली_ताई

पाटीलदादा, मी गडहिंग्लजला सेवा केंद्र चालवतो, जुलै २०२४ पासनं या योजनेचे फॉर्म, दुरुस्त्या, केवायसी सगळं आमच्याच टेबलावरनं गेलंय, म्हणून बोलतो.

आधी हिशोब करा. १५०० महिन्याला म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. आमच्याकडं भांगलणीची हजेरी तीनशेच्या घरात आहे. पन्नास रुपये बसून मिळतात म्हणून तीनशे कोण सोडतंय? कोण नाही. फरक पडलाय तो वेगळाच. आधी घरात तेल-मीठ संपलेलं असायचं म्हणून मालक म्हणंल त्या हजेरीला जावं लागायचं, पाळी असूदे, ताप असूदे. आता बाई म्हणते आज नको, उद्या येतो. किंवा म्हणते अमक्याकडं साडेतीनशे देतात, तिकडं जातो. तुमच्या आईला फोन जास्त लावावे लागतात ते यामुळं. त्याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग मालकालाच स्वस्तात बाई पाहिजे हे पण म्हणा.

आणि काम करून दाखव म्हणता, ते दाखवायचं कुठं? माझ्या टेबलावर. नुसती ई-केवायसी आली तेव्हा काय झालं ते सांगतो. ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर पोराकडं, पोरगा पुण्याला. ओटीपी दहा मिनिटांत संपतो, पोरगं कंपनीत फोन उचलत नाही. दुसरं म्हणजे नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागत होतं. नवरा वारलेला, बाप वारलेला, मग कुणाचा घालायचा? एक आजी तर म्हणाली, मरणाचा दाखला घाल की त्यात. कॉम्प्युटरला ते कळतंय होय! आमच्याकडं काजूचं काम करणाऱ्या बायका आहेत, चिकानं बोटं जळून गेलेली, मशीनवर अंगठाच उठत नाही. पाच ठिकाणी कामाला जाणाऱ्या बायका आहेत या, आणि कागदावर अडकल्या त्याच. चारचाकीवाल्यांच्या सुनांची केवायसी मात्र पहिल्या आठवड्यात झाली, त्यांच्याकडं मोबाईल स्वतःचा असतोय.

आता यात 'महिन्याला इतकं काम केल्याचा दाखला' घाला. दाखला कोण देणार? ज्याच्या रानात गेली तो पाटील देणार? आज त्याच्याशी हजेरीवरनं वाद घातला तर उद्या तो सही देईल होय? गडी म्हणतोय नाटकी लोक गळतील. नाटकी लोकच राहतील दादा, त्यांना सह्या गोळा करायची सवय असते.

जर्सीतला_कोल्हापूरकर

पाटील, अमेरिकेचा विषय काढलास म्हणून लिहितो, मूळचा राजारामपुरीचा, आता न्यू जर्सीत. तू ऐकलंयस ते बरोबर आहे पण अर्धं आहे.

१९९६ साली क्लिंटननं कायदा केला. त्याआधी गरीब आयांना जी रोख मदत मिळायची ती बंद करून 'टॅनफ' नावाची आणली, त्यात केंद्राच्या पैशातून आयुष्यात ६० महिने, म्हणजे तुझी ती पाच वर्षं, आणि कामाची अट. पुढच्या काही वर्षांत मदत घेणाऱ्यांची यादी निम्म्याच्या खाली आली आणि एकट्या आया मोठ्या संख्येनं कामाला लागल्या, हे खरं आहे, नाकारायचं कारण नाही. पण तेव्हा इथं नोकऱ्यांचा पूर आला होता, आणि १९९३ मध्ये अजून एक गोष्ट वाढवली होती ती कुणी सांगत नाही. कमी पगारात काम करणाऱ्याला सरकार टॅक्सच्या वेळी वरनं पैसे देतं, पोरं असली तर चांगले हजारो डॉलर. म्हणजे काम केलंस तर अजून देतो. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं की आया कामाला लागल्या त्यात याचा वाटा मोठा.

यादी कमी झाली म्हणजे गरिबी तेवढी कमी झाली असं पण नाही. १९९६ ला पोरंबाळं असलेल्या शंभर गरीब कुटुंबांतल्या ६८ कुटुंबांना ही रोख मदत पोचायची, नंतर ते एकवीस-बावीसवर आलं. बाकीची कुटुंबं श्रीमंत झाली नाहीत, यादीतनं गेली फक्त.

ताई म्हणतात ते दाखल्याचं प्रकरण तर इथं जसंच्या तसं झालंय. अर्कान्सा राज्यानं २०१८ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला महिन्याला ८० तास कामाची अट घातली. तास नोंदवायचे वेबसाईटवर, आणि ती वेबसाईट रात्री नऊ ते सकाळी सात बंद!! दिवसभर राबून आलेला माणूस रात्रीच भरणार ना. काही महिन्यांत अठरा हजारांवर लोकांचा विमा गेला. नंतर अभ्यास झाला त्यात रोजगार वाढलेला दिसलाच नाही, कारण बहुतेक लोक आधीपासनं काम करतच होते नाहीतर आजारी होते, अडकले ते नोंदणीत. मार्च २०१९ मध्ये कोर्टानं थांबवलं. आणि गंमत बघ, जुलै २०२५ च्या कायद्यानं तीच ८० तासांची अट आता देशभर येतीय, २०२७ पासनं. म्हणजे इथं पण सगळी शहाणी झालीत असं समजू नको.

शिरोलीकर_पाटील

ताई, जर्सीवाले, दोघांचं वाचलं. कागदाचा त्रास मान्य आहे, माझा स्वतःचा जीएसटीच्या पोर्टलनं जीव खाल्लाय. पण कागद वाईट आहे म्हणून अटच नको हे मला पटत नाही. कागद सुधारा की. मस्टर (हजेरीपट) ठेवा, फोटो काढा, आता मोबाईलवर सगळं होतंय.

आणि ताई, हजेरी वाढली पाहिजे म्हणता तर वाढवतो की, पण माल घेणारी कंपनी मला रेट वाढवून देत नाही त्याचं काय. किलोमागं पैशात खेळ चालतो आमचा. स्वस्तात बाई पाहिजे हे ऐकायला बरं वाटलं नाही पण सोडा.

अव्वल_कारकून_निवृत्त

पाटील साहेब, नमस्कार. माझी बरीच नोकरी महसूल खात्यात रोजगार हमीच्या कामात गेली. मस्टर ठेवा म्हणालात म्हणून राहवलं नाही.

तुम्ही जे मागताय, मदत कामाला जोडा, ते महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी केलं आहे, फक्त दोरी उलट्या बाजूनं बांधली. वि. स. पागे हे शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग केला, जो काम मागेल त्याला काम. मग १९७२ चा दुष्काळ पडला. माझी आजी आटपाडीची, ती खडी फोडायला होती, नाल्याच्या बांधावर होती, पोरांना तिथंच सुकडी मिळायची. मे १९७३ च्या सुमारास राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. कुणी म्हणालं नाही की फुकट द्या, लोकांनीच काम मागितलं. त्यातनं १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. केंद्राचा कायदा २००५ चा, म्हणजे आपण पंचवीस-तीस वर्षं पुढं.

यात अट माणसावर नाही, सरकारवर होती. माणसानं काम मागायचं, सरकारनं पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. आपोआप चाळणी लागते, कारण चारचाकीवाला खडी फोडायला येत नाही. उत्पन्नाचा दाखला नको, नवऱ्याचा आधार नको. कागलकरांना जे पाहिजे ते याच रस्त्यानं होतं.

आणि पैसा कुठला होता माहीत आहे का? तुमच्या हेल्परच्या पगारातनं महिन्याला दोनशे रुपये पीटी कापता ना, तो व्यवसाय कर १९७५ ला मुख्यतः याच योजनेसाठी आणला. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाला पैसे द्यायचे, असा सरळ सौदा होता. आज पीटी कापणाऱ्याला तो कशासाठी कापतोय ते ठाऊक नाही आणि गावात काम मागणाऱ्याला आपला हक्क ठाऊक नाही.

आता मस्टरचं. मस्टर हा काय प्रकार असतो ते मी बघितलंय. खोटी नावं, मेलेल्यांच्या सह्या, सगळं झालं. म्हणून मग मोबाईल ॲप आणलं, दिवसातनं दोनदा साईटवरनं फोटोसह हजेरी. राधानगरी, भुदरगडच्या वाड्यांवर रेंज कुठली? फोटो अपलोड नाही झाला की हजेरी नाही, हजेरी नाही की मजुरी नाही. बाई दिवसभर चर खणून हात हलवत घरी. खोटं करणारा मात्र फोटोचाच फोटो काढून टाकायचा. मजुरी पण कामाच्या मोजमापावर, पूर्ण भरली तर २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, आणि ती खात्यावर कधी पडेल याचा भरवसा नाही. तुम्ही शनिवारी पगार थांबवून बघा, सोमवारी किती जण येतात.

डिसेंबर २०२५ ला केंद्रानं जुना कायदा काढून नवा केलाय हे वाचलं असेलच. दिवस १०० चे १२५ केले, पण खर्चाचा ४० टक्के भार राज्यावर टाकला आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद घातली. ती कशासाठी? शेतमालकाला मजूर मिळावा म्हणून. तुमच्या आईंचा फोन दिल्लीपर्यंत पोचला म्हणायचा.

एक शाहू महाराजांचं सांगतो आणि थांबतो. १८९६-९७ च्या दुष्काळात कोल्हापूर संस्थानात कामं काढली तेव्हा कामावर येणाऱ्या बायकांच्या लहान पोरांसाठी शिशुगृहं काढली होती. काम करा म्हणायच्या आधी पोरगं कुठं ठेवायचं याचा विचार. तुमच्या एमआयडीसीत सव्वाशे वर्षांनी किती युनिटांत पाळणाघर आहे?

भुदरगडचा_बीए

मी कामाला जोडलेली मदत घेऊन बसलेला माणूस आहे, माझं ऐका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण, लोक लाडका भाऊ म्हणायचे ती. महिन्याला बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधरला १० हजार. मुदत सहा महिने, नंतर पाच वाढवून अकरा केली. पाटील म्हणतात तसं सगळं होतं, मुदत पण, काम पण, ट्रेनिंग पण.

मला एका सरकारी ऑफिसात टाकलं, नाव नाही सांगत. ट्रेनिंग काय तर झेरॉक्स, टपाल, साहेबांच्या मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म, आणि जुन्या फायलींवर नंबर टाकणे. कायमच्या क्लार्कची जागा रिकामीच होती, ते काम मी करत होतो, दहा हजारात. पैसे कधी दोन महिन्यांचे एकदम यायचे, तोवर एसटीच्या पासला घरात हात पसरायचा. अकरा महिने झाल्यावर एक सर्टिफिकेट दिलं, ते घेऊन मी चार ठिकाणी गेलो, कोणी उघडून पण बघितलं नाही. आमची सगळी बॅच मग मोर्चात, कायम करा म्हणून. लोक हसले आम्हाला. पण माणसाला अकरा महिने खुर्चीत बसवायचं, काम करून घ्यायचं आणि म्हणायचं चल नीघ, तर तो मोर्चात नाहीतर कुठं जाणार.

माझ्यासोबतची एक मुलगी मात्र खाजगी लॅबमध्ये लागली होती ट्रेनिंगला, तिला तिथंच घेतलं पुढं. म्हणजे योजना वाईट नाही, जिथं खरंच माणूस पाहिजे होता तिथं चालली. जिथं फुकटचा माणूस पाहिजे होता तिथं नाही.

पाटीलदादा तुमच्याकडं तसे ट्रेनी आले होते का हो? खाजगी युनिटना पण मिळत होते, पगार सरकारचा.

शिरोलीकर_पाटील

आले होते दोघं. एक जण राहिला, आता सीएनसी मशीनवर आहे, चांगला आहे. दुसरा पैसे उशिरा येतात म्हणून गेला, तो सरकारचा घोळ, माझा नाही. पण तुझा मुद्दा आला लक्षात.

कागलचा_गडी

सगळे इतिहास सांगायला लागलेत, पैसा कुठनं आणायचा ते कोण सांगत नाही. मदतीला मर्यादा पाहिजे म्हणजे पाहिजे. घरात बसून खायची सवय लागली की पिढी बरबाद.

सेवाकेंद्रवाली_ताई

गडी भाऊ, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या घरी पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि वरनं राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे येतात का? त्याला कामाची अट आहे का? रान खंडानं दिलं असलं तरी येतातच. २०१९ पासनं येत्यात, मुदत आहे का? मी कुणाला म्हणताना ऐकलो नाही की शेतकऱ्याला घरात बसून खायची सवय लागली. आणि ज्या बाईला किसान-नमोचे मिळून महिन्याला हजार मिळतात तिला लाडक्या बहिणीचे पाचशेच, एवढं बारीक कापलंय सरकारनं. मर्यादा आहेच की.

खऱ्या निराधाराचं बघा. संजय गांधी योजनेला वर्षाचं उत्पन्न एकवीस हजाराच्या आत पाहिजे. एकवीस हजार वर्षाचे! भीक मागणाऱ्याचं पण जास्त होत असेल. म्हणून तलाठ्याकडनं खोटा दाखला काढावा लागतो, म्हणजे सरकारच गरिबाला खोटं बोलायला लावतंय. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. पाटीलदादा म्हणाले म्हातारी आणि निराधार सोडून, त्यांचं वाढवा. ते लवकर कोण वाढवत नाही, कारण त्यांची मतं थोडी.

कागलचा_गडी

येतात. वडिलांच्या नावावर. पण ते वेगळं आहे, शेती परवडत नाही.

सेवाकेंद्रवाली_ताई

बाईला पण घर चालवणं परवडत नाही भाऊ 🙏

शिरोलीकर_पाटील

बरं, माझं असं झालंय की मुदत पाहिजे यावर मी अजून आहे, निदान ज्या घरात दोघं कमावतायत तिथं तरी. पण दाखला मालकानं द्यायचा हे काढून टाकतो, ताईंचा तो मुद्दा खरा आहे, माझ्याच एका दोस्ताला मी ओळखतो, तो सहीसाठी महिनाभर राबवून घेईल फुकट. काम सरकारनं द्यायचं असेल तर कारकून साहेब म्हणतात ती पद्धत बरी, पण पैसे वेळेवर पडले तर. पाळणाघराचं असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बोलून बघतो, एकट्याला नाही झेपत, चार-पाच युनिट मिळून होईल का बघू. बायकांना शिरोलीत यायला पहिली बस सातच्या आत पाहिजे हा पण एक विषय आहे, तो केएमटीवाल्यांशी.

शाहूवाडी_डोंगरातला

मधेच विचारतो. आमच्या वाडीत भात काढणी झाली की चार महिने काहीच नाही, निम्मी वाडी कोल्हापूरला हॉटेलात नाहीतर मुंबईला जाते. रोजगार हमीचं काम मागायचं असेल तर नक्की करायचं काय? ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणतात सध्या काम मंजूर नाही, आलं की सांगतो. दोन वर्षं झाली, आलंच नाही.

अव्वल_कारकून_निवृत्त

'काम मंजूर नाही' हे उत्तर ते तोंडी देतात, लेखी देत नाहीत, कारण लेखी दिलं की भत्ता लागतो. तोंडी मागू नका. नमुना ४ भरून मागणी करा, एकट्यानं नाही, वाडीतली दहा-पंधरा माणसं मिळून, त्यात बायका जास्त घ्या. ग्रामपंचायतीनं घेतला नाही तर तहसील कचेरीत रोहयो (रोजगार हमी योजना) शाखेला द्या. तारीख टाकलेली पोच, म्हणजे नमुना ५, तिथल्या तिथं मागून घ्या. त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे.

नव्या कायद्यात फॉर्मचे नंबर बदलले असतील तर कचेरीत विचारून घ्या, पोच मात्र सोडू नका. जॉबकार्ड आहे का सगळ्यांकडं?

शाहूवाडी_डोंगरातला

निम्म्यांकडं आहे. बाकीच्यांची ग्रामसेवकाकडं जमा आहेत म्हणतात.

अव्वल_कारकून_निवृत्त

कार्ड मजुराच्या हातात पाहिजे, दुसऱ्या कुणाकडं ठेवायचं नसतं. आधी ती परत घ्या, आणि आत कामाचे दिवस भरलेत का बघा. तुम्ही न केलेलं काम त्यात भरलेलं निघालं तर इथं लिहू नका, मला मेसेज करा.